गप्प बसूनही मासा का लागत नाही?

साठवण तलावाच्या भरावावर गळ टाकून बसलेल्या माणसाला काही विचारायला जावं, तर उत्तराऐवजी ओठांवर ठेवलेलं बोट दिसतं. "हळू बोला, मासा पळंल." थोड्या वेळाने तोच माणूस उठतो, चपला फटफट वाजवत मोटारसायकलपर्यंत जातो, पेंडीचा डबा काढतो, झाकण निघत नाही म्हणून दगडावर आपटतो आणि परत येऊन मुकाट बसतो. माशाच्या बाजूने पाहिलं तर हा सगळा उलटा कारभार आहे. ज्याची त्याला पर्वा नाही ते टाळलं जातंय आणि ज्याने तो खरोखर बिचकतो ते बिनधास्त चाललंय.

एकाच काठावर, एकाच डब्यातलं आमिष लावून दोघे बसतात. एकाची पिशवी भरते, दुसऱ्याच्या गळाला शेवाळ लागतं. काल सकाळी मासा सारखा ओढत होता, आज त्याच जागी तरंगा हलत नाही. विचारलं तर नशिबाकडे बोट दाखवलं जातं. नशिबाचा वाटा आहेच, पण पाण्याखाली काय चाललंय हे कळलं तर तो बराच आकसतो.

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर बसलेला हा मुलूख, कोकण किनाऱ्यापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास दूर. तेरणा आणि मांजरा इथलं पाणी गोदावरीकडे नेतात, सीना आणि बोरी भीमेकडे. माकणीचं निम्न तेरणा, परंडा तालुक्यातलं सीना-कोळेगाव, कळंबच्या शिवेला लागलेला मांजरा धरणाचा फुगवटा आणि गावोगावचे पाझर तलाव हाच आपला दर्या. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर बोट भाड्याने घेऊन सामन किंवा टूना धरायला निघालेला हौशी माणूस आणि माकणीच्या काठावर बांबूची काठी धरून बसलेला आपला गडी, दोघांपुढचा प्रश्न मात्र तोच: मासा आत्ता कुठे आहे आणि तो तोंड कधी उघडेल?

बोलणं वरच राहतं, पाऊल खाली जातं

हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला की जवळजवळ सगळा परत फिरतो. हवा विरळ आणि पाणी दाट, त्यामुळे हवेतल्या कंपनांना पाणी हलवण्याइतकं बळच नसतं. आवाजाच्या ऊर्जेचा हजारातला एखादा भाग आत शिरतो. म्हणून काठावर बसून गप्पा मारा, मोबाईलवर भजन लावा, दोन मीटर खाली असलेल्या रोहूला त्याचं काही नाही.

पाऊल आपटलं की गोष्ट वेगळी. जमीन आणि पाणी एकमेकांना चिकटलेले आहेत. जमिनीतली थाप काठावरून थेट पाण्यात उतरते आणि पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. बोटीत बसलेल्याने वल्हं फळीवर टाकलं तर तोच प्रकार.

आपल्या तलावांतले बहुतेक मासे या बाबतीत तिखट कानाचे आहेत. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस हे कार्प जातीचे मासे, तसेच शिंगाडा आणि मांगूर हे मिशावाले मासे, या सगळ्यांच्या अंगात एक खास सोय असते. पोटात हवेची पिशवी असते, ती पाण्यातल्या कंपनांनी थरथरते. त्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत चिमुकल्या हाडांची साखळी गेलेली असते आणि ती ही थरथर कानाला पोचवते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेबर याने १८२० मध्ये या हाडांचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जातात. समुद्रातल्या बऱ्याच माशांना ही साखळी नसते. चिलापीलाही नसते.

मासा ऐकतो यावर विद्वानांचाही पूर्वी विश्वास नव्हता. मधमाशांच्या नाचाचा अर्थ लावणारे आणि १९७३ मध्ये नोबेल मिळालेले कार्ल फॉन फ्रिश यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एका आंधळ्या मिशावाल्या माशाला खाणं देताना शीळ घालायची सवय लावली. काही दिवसांनी नुसती शीळ ऐकली की तो मासा आपल्या बिळातून बाहेर यायचा. तेव्हापासून हा वाद मिटला. काठावरचं ओठांवरचं बोट मात्र अजून हललेलं नाही.

कानाखेरीज माशाला आणखी एक इंद्रिय आहे, जे आपल्याला नाही. रोहू हातात धरून बघा. कल्ल्यामागून शेपटीपर्यंत अंगाच्या मधोमध खवल्यांवर टाचणीने टोचल्यासारख्या बारीक छिद्रांची ओळ दिसते. ही पार्श्वरेषा. त्या छिद्रांच्या आत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात आणि शेजारचं पाणी जरा हललं तरी त्या वाकतात. हे इंद्रिय लांबचं सांगत नाही, माशाच्या एकदोन लांबीइतक्या अंतरातलं सांगतं. पण तेवढ्यात वळवळणारं गांडूळ कुठे आहे हे काळोखातही नेमकं कळतं. गांडूळ जिवंत असावं असा जुन्या लोकांचा हट्ट असतो, त्याचं कारण इथे आहे.

माशाला आपण कधी दिसतो

आडाच्या तळाशी उभं राहून वर पाहिलं तर आभाळाचं एक वाटोळं भोक दिसतं, बाकी सगळी भिंत. माशालाही वरचं जग तसंच वाटोळ्या झरोक्यातून दिसतं. फरक इतकाच, की आडातून थोडंच आभाळ दिसतं आणि माशाच्या झरोक्यात क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं सगळं जग कोंबलेलं असतं. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे हे घडतं. हा झरोका सुमारे ९७ अंशांचा असतो. त्याच्या बाहेर माशाला पृष्ठभागाच्या आरशात तळाचंच प्रतिबिंब दिसतं.

या झरोक्याच्या कडेला असलेल्या वस्तू चेपून बारीक आणि अंधुक होतात. पाण्याच्या पातळीपासून दहा अंशांहून खाली जे आहे ते माशाला जवळजवळ दिसतच नाही. काठावर ताठ उभा राहिलेला माणूस या मर्यादेच्या वर येतो, उकिडवा बसलेला आणि दोन पावलं मागे सरलेला खाली राहतो. पाण्यावर लाटा असल्या तर झरोका सारखा फुटतो आणि मग उभं राहिलं तरी फारसं बिघडत नाही.

अर्थात पाणी नितळ असेल तरच हे सगळं. आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर काळ्या मातीचं पाणी तलावात येतं. या मातीचे कण इतके सूक्ष्म की आठवडेच्या आठवडे खाली बसत नाहीत. कोपरापर्यंत हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. अशा पाण्यात चमचमणारं परदेशी आमिष लावून उपयोग नाही. तिथे नाक आणि जीभ चालते.

अंगभर जीभ

माशाच्या नाकपुड्या श्वासासाठी नसतात. पुढच्या भोकातून पाणी शिरतं, मागच्यातून निघतं, मधल्या घड्या त्याचा वास टिपतात. चवीची गोष्ट त्याहून अजब आहे. आपल्या चवीच्या कळ्या जिभेवर, फार तर टाळूवर. शिंगाडा, मांगूर यांच्या चवीच्या कळ्या मिशांवर, ओठांवर आणि थेट अंगावरच्या कातडीवर असतात. अमेरिकेतल्या त्यांच्या एका भाईबंदाच्या अंगावर अशा लाखाहून अधिक कळ्या असतात. मिशावाला मासा चिखलातून फिरतो तेव्हा तो वाट चाखत चाललेला असतो.

मांस, गांडूळ, कुजलेली पेंड यांतून प्रथिनांचे तुकडे, म्हणजे अमिनो आम्लं, पाण्यात विरघळतात आणि माशाच्या नाका-जिभेला तीच सगळ्यात आधी लागतात. तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून नुसता तेलकट गोळा फार लांबून मासा ओढत नाही. शेंगदाण्याची पेंड भिजवून रात्रभर आंबवली की तिच्यातली प्रथिनं फुटतात आणि वास पसरतो. कणकेच्या गोळीत कुणी गूळ घालतं, कुणी हिंग, कुणी कसली तरी पुडी, आणि प्रत्येकाची कृती गुपित असते. मला विचाराल तर या गुपितांपेक्षा गोळी पाण्यात किती वेळाने सुटते याला जास्त महत्त्व आहे. लगेच विरघळली तर गळ उघडा पडतो, दगडासारखी राहिली तर वास सुटत नाही.

वास पाण्याच्या ओढीबरोबर जातो, हेही लक्षात ठेवावं. गळ टाकताना पाणी कुठून कुठे सरकतंय ते बघायचं आणि मासा खालच्या अंगाला आहे असं धरून चालायचं.

तोंड कुठे वळलंय ते पाहा

आता दोघांपैकी एकालाच मासा का लागला, याचं सगळ्यात साधं उत्तर. आपल्या तलावातले तीन मुख्य कार्प एकाच पाण्यात राहतात, पण वेगवेगळ्या मजल्यांवर जेवतात. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं. तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूचं तोंड किंचित खाली, ओठ झालरीचे. तो मधल्या थरात फिरतो आणि पाणवनस्पती, त्यांच्यावर चढलेलं शेवाळ खरवडतो. मृगळ तळाचा गाळ उपसून खातो. एकाच तळ्यात तिघांना सोडलं तर कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. मत्स्यशेतीत हे त्रिकूट एकत्र सोडतात ते याचसाठी.

तरंगा आणि गळ यांच्यात दोरी किती सोडली, यावर आपण कोणाच्या पंगतीला बसलो हे ठरतं. तीन मीटर पाण्यात हातभर खोलीवर गळ ठेवून मृगळाची वाट बघणारा माणूस दिवसभर बसेल.

आणखी एक. कार्पाच्या जबड्यात दात नसतात, दात घशात असतात. तो चावत नाही, पाण्यासकट आमिष ओढून घेतो, तोंडात चाचपतो आणि नको ते थुंकतो. म्हणून तरंगा आधी थरथरतो, एकदोनदा बुडी मारल्यासारखं करतो आणि मग तिरका सरकत जातो. थरथरताना झटका दिला तर गळ रिकामा येतो, कारण त्या क्षणी गोळी ओठांवर असते. मरळीचं उलट. ती दबा धरून बेडकी, लहान मासा एका झेपेत गिळते. तिथे थरथर नाही, एकदम ओढ. मरळ लागलीय हे सांगायला तरंगा लागत नाही.

हे तिन्ही कार्प मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. वाहत्या पाण्याशिवाय ते अंडी घालत नाहीत, त्यामुळे साचलेल्या तलावात त्यांची वाढ होते, पैदास सहसा होत नाही. यावर तोड निघाली ती ओडिशात. १० जुलै १९५७ रोजी मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूलगतच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात कार्पांना अंडी घालायला लावली. देशात १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यामुळे. आज माकणीत किंवा सीना-कोळेगावात लागणारा कटला बहुधा असाच जन्मलेला असतो: हॅचरीत मत्स्यजिरे, मग बोटाएवढा झाला की मत्स्यबोटुकली, मग तलावात. तो सोडणारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्था असते आणि तलाव तिच्याकडे ठेक्याने असतो. गळ टाकण्याआधी तिला विचारणं हा रीतीचा आणि कायद्याचाही भाग आहे. भोई मंडळी जाळं टाकून पोट भरतात, आपण हौसेला बसतो, हा फरक विसरू नये.

समुद्राला चंद्र, तलावाला वारा

कोकणात मासे गरवायला जाणारा माणूस आधी तिथी बघतो. भरतीचं पाणी चढू लागलं की खडकांच्या फटींतले खेकडे, कोळंबी, बारीक मासे हलतात आणि त्यांच्या मागे मोठा मासा काठाशी येतो. पाणी वाहतं तेव्हा अन्न वाहतं. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरही दिवसाला दोन भरत्या येतात, पण अमेरिकेच्या बाजूला त्या लहानमोठ्या असतात. तिथले लोक मोठ्या भरतीचा मुहूर्त साधतात.

| चौकट: तिथीवरून भरती |
|---|
| कोकण किनाऱ्यावर पंचांग बघून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अशी: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला भरती पूर्ण होते. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. घड्याळाशी थोडं इकडेतिकडे होतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. |

तलावाला भरती नाही. चंद्र धाराशिववरही तितकाच ओढतो, पण एवढ्याशा पाण्यात त्याचा परिणाम मोजण्यासारखा होत नाही. इथे पाणी हलवतो तो वारा.

वारा पृष्ठभागावरचं पाणी ढकलत समोरच्या काठाला नेतो. त्याबरोबर तरंगणारे सूक्ष्म जीव, किडे, गवताचा कचरा जातो. समोरच्या काठाला पाणी आपटून खाली वळतं, काठाची माती सुटते, तीत दडलेल्या अळ्या बाहेर पडतात. बारीक मासे तिथे जमतात आणि मोठे त्यांच्या मागे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, म्हणजे जेवणावळ पूर्वेच्या काठाला. आता गळ टाकणारा कुठे बसतो? पश्चिमेच्या काठाला. वारा पाठीवर, गळ लांब जातो, डोळ्यांत धूळ नाही, पाणी शांत. आपल्या सोयीचा काठ तो माशाच्या उपासाचा काठ. लाटा अंगावर घेत, वाऱ्याला तोंड देत बसणाऱ्याला मासा जास्त लागतो आणि त्याला लोक नशीबवान म्हणतात.

हेच मोठ्या प्रमाणावर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर घडतं, जरा वेगळ्या वळणाने. तिथे वसंत आणि उन्हाळ्यात उत्तरेकडून किनाऱ्याला समांतर वारा वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे खुल्या समुद्राकडे सरकतं. रिकाम्या झालेल्या जागी खोलातलं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर बारीक मासे आणि त्यांवर सामन, टूना. तिथल्या मासेमारीची कीर्ती वाऱ्याच्या या उपशावर उभी आहे. पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्यालाही असंच पाणी वर येतं आणि तारलीचे थवे त्यावर पोसतात.

मे महिन्यातली दुपार

चहाचं आधण ठेवलं की उकळी येण्याच्या कितीतरी आधी पातेल्याच्या बुडाला, कडांना बारीक बुडबुडे चिकटतात. ती वाफ नसते. पाण्यात विरघळलेली हवा गरम झाल्यामुळे बाहेर पडत असते. तलावातही तेच. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. आपण उंचावर असल्यामुळे त्यातूनही थोडा वजा करावा लागतो.

मासा थंड रक्ताचा. पाणी तापलं की त्याच्या शरीराचा सगळा कारभार जलद होतो, दहा अंशांच्या वाढीला ढोबळमानाने दुप्पट. म्हणजे प्राणवायूची गरज वाढते नेमकी तेव्हा, जेव्हा पाण्यात तो कमी असतो. अशा वेळी अन्न पचवण्याचा खर्च अंगावर घेण्यापेक्षा मासा सावलीला, खोलात किंवा जिवंत झऱ्यापाशी निपचित पडतो. मे महिन्यात भर दुपारी गळ टाकणं म्हणजे उन्हात स्वतःला भाजून घेणं. डिसेंबर-जानेवारीत उलटं. पाणी गार, माशाची भूक मंद, आणि मग दुपारचं ऊन लागलेला उथळ काठच बरा.

पहाट चांगली असं सरसकट म्हणतात. मोठ्या, मोकळ्या धरणावर ते खरं आहे. पण हिरवंगार शेवाळलेलं गावतळं असेल तर पहाट ही सगळ्यात वाईट वेळ. वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्री स्वतःच वापरतात, त्यामुळे दिवस उजाडताना तो सगळ्यात कमी झालेला असतो. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसतात. लोकांना वाटतं भुकेने आलेत. ते श्वासासाठी आलेले असतात आणि त्यांना आमिषाशी घेणंदेणं नसतं.

मरळ आणि मांगूर या अडचणीतून सुटलेले आहेत. डोक्यातल्या खास कप्प्यात ते हवेतला प्राणवायू घेतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. असा तळ उघडा पडतो तेव्हा कार्प पहिल्या फेरीतच मरतात. मरळ ओल्या चिखलातही काही काळ तग धरते.

पावसाची चाहूल आणि चढण

वळवाच्या आधी मासा चांगला लागतो, कारण त्याला हवेचा दाब कळतो, असं जाणकार म्हणून ऐकवलं जातं. हिशेब करून पाहा. वादळी पावसाआधी हवेचा दाब उतरतो तो पाण्याच्या पाच-दहा सेंटिमीटर थराइतका. मासा वितभर वर-खाली झाला तरी त्याच्यावरचा दाब त्याहून जास्त बदलतो, आणि तो दिवसभर वर-खाली होतच असतो. मला हे कारण पटत नाही. ढग आल्याने पडलेला अंधार, सुटलेला वारा, लाटांनी पाण्यात मिसळलेली हवा आणि उडून पाण्यात पडलेले किडे, एवढी कारणं पुरेशी आहेत.

पहिला मोठा पाऊस झाला की मात्र खरा खेळ सुरू होतो. ओढ्याचं गार, मातकट पाणी तलावात घुसतं आणि मासे त्या धारेच्या उलट दिशेने चढू लागतात. चढणीचे मासे. पाण्याचं तापमान उतरणं, ओढ लागणं, नव्या पाण्याचा वास येणं, या खुणा एकत्र मिळाल्या की त्यांच्या अंगातली अंडी-पिलांची यंत्रणा जागी होते. पॅसिफिकचा सामन समुद्र सोडून नदी चढतो ती हीच ओढ, फक्त त्याची वाट शेकडो किलोमीटरची आणि बहुतेक जातींत एकदाच चालायची.

त्याच सुमारास तलावाचं पाणी गाळपेऱ्यावर चढतं. उन्हाळ्यात पाणी हटलेल्या जमिनीत शेतकऱ्यांनी घेतलेल्या पिकाची धसकटं, त्यातले किडे, गांडुळं एका रात्रीत पाण्याखाली जातात. गुडघाभर पाण्यात मोठाले मासे फिरताना दिसतात ते या मेजवानीला. ओढ्यात काठीने, पोत्याने चढणीचे मासे पकडायला गावं लोटतात, पण पोटात अंडी भरलेली रोहूची मादी किलोमागे दोन लाखांवर अंडी घालते. ती ओढ्यात मारली तर काय गेलं, हा गुणाकार ज्याने त्याने करावा.

पाण्यात हलका, हातात जड

मासा सुटतो तो बहुतेकदा काठाशी येऊन. दोरी मधेच का तुटली नाही? कारण पाण्यात माशाला वजन जवळजवळ नसतंच. हवेच्या पिशवीमुळे त्याचं अंग पाण्याइतकंच जड होतं आणि दोरीवर फक्त त्याच्या पोहण्याचा जोर येतो. चार किलोचा कटला काठाशी आणून दोरीने वर उचलला की क्षणात चार किलो दोरीवर लटकतात, वर त्याचा शेवटचा हिसका. म्हणून झोळी पाण्यात आधी धरायची आणि मासा तिच्यावर आणायचा.

मधल्या झटापटीत काम करते ती काठीची लवचिकता. हिसका एका क्षणात बसला तर दोरी तुटते, तोच काठी वाकून लांबवला तर निभावते. रिळाला चकत्यांचा ब्रेक असतो. ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की चकत्या घसरतात आणि दोरी आपोआप सुटू लागते. ही मर्यादा दोरीच्या ताकदीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर ठेवतात. कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटावर १८९८ साली चार्ल्स होल्डर यांनी काठी आणि रिळावर १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोचा टूना धरला आणि त्याच वर्षी तिथे टूना क्लब स्थापन झाला. काठीवरच्या मासेमारीला खेळाचे नियम लावायला तिथून जोर आला. त्या काळच्या रिळांना आजच्यासारखा ब्रेक नव्हता, अंगठ्याला चामड्याचा तुकडा लावून दोरी दाबावी लागे.

सोडायचा असेल तर

हौशी लोकांत मासा धरून परत सोडण्याची पद्धत आता आपल्याकडेही येतेय. पण पाण्यात पडला म्हणजे वाचला असं नाही. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर रोगजंतूंना अडवतो. कोरड्या हाताने धरलं, तापलेल्या खडीवर ठेवून फोटो काढला, की तो थर निघतो आणि काही दिवसांनी त्या जागी बुरशी धरते. हात ओले करावेत, मासा पाण्यालगत ठेवावा, गळाचा उलटा दात पक्कडीने आधीच चेपून ठेवावा म्हणजे गळ पटकन निघतो. खूप दमलेला मासा डोकं वाहत्या पाण्याकडे करून सैल धरावा. कल्ल्यांतून पाणी फिरू लागलं की तो आपणहून निसटतो.

एका बाबतीत आपले कार्प सुदैवी आहेत. पॅसिफिकच्या खडकाळ तळावरचे रॉकफिश खोलातून भरभर वर ओढले की दाब उतरतो, हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात आणि सोडलं तरी मासा पोट वर करून तरंगत राहतो. तिथे त्याला वजन लावून पुन्हा खाली पोचवण्याचं साधन वापरतात. कार्पाची पिशवी नळीने घशाला जोडलेली असते. जास्तीची हवा तो ढेकर देऊन बाहेर टाकतो. रोहू सोडल्यावर पाण्यावर चार बुडबुडे येतात ते बहुधा त्याचेच.

थाई मांगूर नावाने विकला जाणारा आफ्रिकी मांगूर लागला तर मात्र परत सोडू नये. त्याच्या पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी आहे, तो बोटुकली आणि इथले मूळचे मासे दोन्ही फस्त करतो, आणि हवेत श्वास घेत असल्यामुळे एका तळ्यातून दुसऱ्यात जायला त्याला पावसाळ्यातलं ओलं रान पुरतं. सापडला की संस्थेच्या माणसाला दाखवावा.